श्रीमंतमामांचा कोंडवाडा

गावातली मोकाट कुत्री मारायला माणूस ठेवा, असा अर्ज नगरपालिकेकडे गेला तेव्हा त्यावर पहिली सही माझ्या वडिलांची होती. साल शहाण्णव. बसस्टँडसमोर आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान. त्या वर्षी एक पिसाळलेलं कुत्रं चौघांना चावलं आणि त्यातली एक बाई महिन्याभरानं गेली. ती कशी गेली ते तिच्या घरच्यांनी पाहिलं होतं, आणि त्यांच्याकडून सगळ्या गावानं ऐकलं होतं. अर्जावर दीडशे सह्या झाल्या. मी तेव्हा बी.ए. होऊन नुकताच दुकानात बसायला लागलो होतो. अर्जाची स्वच्छ प्रत मीच लिहून काढली.

नगरपालिकेनं ते काम श्रीमंत पवळेच्या गळ्यात घातलं. लोह्याकडच्या खेड्यातून आलेला, अठ्ठावीस वर्षांचा, रोजंदारीवरचा माणूस. मुकादमानं त्याला सांगितलं, हे काम नीट केलंस तर कायम करून घेऊ. श्रीमंतनं हाव म्हटलं. घरी बायको सिंधु, पाच वर्षांची मुलगी शिल्पा.

काम पहाटेचं असायचं. विष घातलेले कणकेचे गोळे डब्यात घेऊन तो निघायचा. लोकांना वाटायचं, कुत्री त्याला बघून पळत असतील. उलट होतं. रोज खायला घेऊन येणारा गावात तो एकटाच. गल्लीच्या तोंडाशी दिसला की कुत्री शेपूट हलवत त्याच्याकडे यायची. दिवस उजाडेपर्यंत हातगाडी भरायची आणि आम्ही दुकानाचं शटर वर करायच्या आत पायऱ्या मोकळ्या झालेल्या असायच्या. आम्हाला बरं वाटायचं. आणि आम्हीच, ज्यांनी अर्ज केला होता त्यांनीच, त्याला ‘कुत्तेमार’ म्हणायला लागलो. चहाच्या टपरीवर त्याचा कप वेगळा ठेवला जायला लागला. सिंधु त्याला अंगणातच आंघोळ करायला लावायची, त्यानंतरच घरात घ्यायची.

पाच वर्षं त्यानं ते काम केलं. कुत्री कमी झाली नाहीत. पायऱ्या चार-आठ दिवस मोकळ्या राहायच्या, मग कुठून तरी नवी यायची.

काम सुटलं ते शिल्पामुळं. ती चौथीत होती. एका दुपारी शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि त्याच्यासमोर येऊन बसली. म्हणाली, “बाबा, पोरी म्हणतेत का कुत्री तुमच्या मागं शेपूट हलवत येतेत. खरं हाय का?”

 हे त्यानं मला फार वर्षांनी, आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून सांगितलं. “मारता का, असं विचारली असती तर सांगितलो असतो अण्णा. ते तर तिला मालूम होतं. तिनं भलतंच विचारलं.”

दुसऱ्या दिवशी तो मुकादमाकडे गेला आणि म्हणाला, मला नाल्यांवर लावा. मुकादम म्हणाला, कायम होणार नाहीस. होऊ द्या म्हणाला. पुढं काही महिन्यांत सरकारचा नवा नियम आला की कुत्री मारायची नाहीत, त्यांची नसबंदी करायची. लोक म्हणाले, नियम आला म्हणून श्रीमंत सुटला. एरवी तो कुणाचं काही मनावर घ्यायचा नाही, पण हे बोलणं मात्र त्याला सहन व्हायचं नाही. “नियमाच्या आधी तीन महिने सोडलो मी,” असं तो आजही बोट वर करून सांगतो.

बारा वर्षं त्यानं नाल्या काढल्या.

आमच्या गावाच्या खालच्या अंगाला निजामाच्या काळातला कोंडवाडा आहे. दगडी भिंत, लोखंडी फाटक, आत दोन लिंबाची झाडं. पूर्वी कुणाची गाय, कुणाचं वासरू दुसऱ्याच्या पिकात शिरलं की तिथं कोंडून ठेवायचे आणि मालक दंड भरून सोडवून न्यायचा. ट्रॅक्टर आले, जनावरं कमी झाली, कोंडवाडा ओस पडला. दोन हजार तेरामध्ये लातूरच्या एका संस्थेनं नगरपालिकेकडून ती जागा मागून घेतली. आत एक खोली बांधली, पिंजरे आणले आणि कुत्र्यांची नसबंदी तिथं सुरू झाली. डॉक्टर आल्या त्या दामिनी बिरादार, उदगीरच्या, वय जेमतेम सत्तावीस. त्यांना कुत्री पकडायला गल्ल्या ठाऊक असलेला माणूस हवा होता. नगरपालिकेनं पुन्हा श्रीमंतलाच पाठवलं.

तो फाटकाच्या आत गेला नाही. बाहेरूनच म्हणाला, “मॅडम, मला या कामाला लावू नका. मी मारलेली हायत.”

“किती वर्षं?” दामिनी मॅडमनी विचारलं.

“पाच.”

“म्हणजे कुठं कुठं असतात ते तुम्हाला माहीत आहे.”

“हाय.”

“मग आत या मामा. इथं मारायचं नाही. ऑपरेशन करायचं, पिसाळण्याची लस द्यायची, कानाला छोटी खाच पाडायची म्हणजे ओळखू येतं, पाच दिवस सांभाळायचं आणि जिथून आणलं तिथं नेऊन सोडायचं.”

“तिथंच?”

“तिथंच. खांबाजवळून आणलं असेल तर खांबाजवळ.”

या एका गोष्टीवर त्याचा विश्वास बसायला आठवडा लागला. रोज संध्याकाळी घरी जाताना तो मॅडमना पुन्हा विचारायचा, तिथंच ना? पहिले पंधरा दिवस त्याच्या हातून जाळं नीट पडलं नाही.  दोनदा चावून घेतलं, इंजेक्शनं घेतली. मग हळूहळू जमलं. वही त्याला लागत नसे. कोणतं कुत्रं कुठल्या दारातलं, कोणाच्या ओट्याखालचं, सगळं डोक्यात. सोडताना तो कुत्र्याला टेम्पोतून उचलून बरोब्बर त्या जागी ठेवायचा आणि ते अंग झाडून दोन पावलं चालेपर्यंत तिथंच उभा राहायचा.

सोडायला आला की लोक भांडायचे. आमच्या दुकानापुढचं एक काळं कुत्रं त्यानं परत आणलं तेव्हा माझे वडील काठी टेकत बाहेर आले. “नेलं होतंस ते बरं होतं की रे. परत कामून आणलास?”

श्रीमंत शांतपणे म्हणाला, “अप्पा, तुमच्या अर्जावर मी पाच वर्षं मारली. कमी झाली का?”

अप्पा मागे वळले. आत जाऊन गादीवर बसले. मीही कपाटातल्या वह्या उगाच सारख्या करत राहिलो.

बसस्टँडवर मात्र त्याची वेगळ्याच माणसाशी गाठ पडली. गंगम्मा. बिदरकडची, नवरा हमाल होता तो वारलेला, फलाटाच्या कडेला भुईमुगाच्या शेंगा आणि पेरूची गाडी लावायची. तिच्या गाडीखाली एक तांबडी कुत्री राहायची, वर्षाची असेल. गंगम्मा तिला चिन्नी म्हणायची. श्रीमंत जाळं घेऊन आला तशी गंगम्मानं गाडीवरचं पोतं ओढून कुत्रीवर टाकलं आणि स्वतः पुढं बसली.

“तू नेलेलं परत येत न्हाई. मी इथंच होते तवा. सगळं बघितले मी.”

“अव्वा, ते दिवस गेले. आता परत आणून सोडतेत.”

“कोण सोडतेत?”

“मीच सोडतो. रविवारी. दुपारच्या उदगीर गाडीच्या टायमाला इथं असतो बघा चिन्नीला घेऊन.”

बऱ्याच वेळानं तिनं पोतं उचललं. रविवारी उदगीर गाडी पाऊण तास उशिरा आली, श्रीमंत वेळेच्या आधी. गंगम्मानं चिन्नीला उलटंपालटं करून बघितलं, टाके बघितले, कानाच्या खाचेवरून त्याला भरपूर बोलली. मग शेंगांचा एक पुडा त्याच्या हातावर ठेवला. त्याच गावात, त्याच स्टँडवर त्याच्या हातावर खायला ठेवणारं त्या काळात दुसरं कुणी नव्हतं.

पुढची बारा वर्षं अशी गेली. स्टँडवरच्या प्रत्येक कुत्र्याच्या कानाला खाच पडली. पिल्लं दिसेनाशी झाली. गावात पिसाळल्याची केस झाली नाही. श्रीमंत नोकरीत कायम झाला. शिल्पाचं लग्न होऊन ती नांदेडला गेली. लोक त्याला मामा म्हणायला लागले; जुने काही कुत्तेमारच म्हणत राहिले. कुणी तक्रार केली तर तो थांबून समजावून सांगायचा, “बगा, जागा मोकळी झाली का बाहेरची येतेत. हे लस घेतलेलं हाय, हे दुसऱ्याला हद्दीत येऊ देत न्हाई. म्हणून याला इथंच राहू द्यायचं.” हेच वाक्य त्यानं किती जणांना सांगितलं असेल, मोजता येणार नाही. मीही ते पाठ केलं होतं आणि गिऱ्हाइकांना सांगायचो.

गेल्या वर्षी पावसाळ्यात स्टँडवर एका चार वर्षांच्या मुलीच्या गालाला कुत्रं चावलं. बाहेरून आलेलं, कानाला खाच नसलेलं कुत्रं होतं. पण त्या आईला खाच आणि बिनखाच याचं काय? श्रीमंत तिथंच होता. त्यानं मुलीला उचललं, नळाखाली साबणानं जखम धुतली. ती ओरडत होती तरी पुरती पंधरा मिनिटं धुतली. मग रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. लस मिळाली, मुलगी बरी आहे. त्या दिवशी त्याच्या शर्टाला रक्त होतं आणि स्टँडवरचे लोक त्याच्याचकडे बघून ओरडत होते. 

नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वेस्टेशन इथली कुत्री उचलायची, नसबंदी आणि लस करून निवाऱ्यात ठेवायची. परत तिथं सोडायची नाहीत. कोर्टाचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्या मुलीचा गाल मी पाहिला आहे. पण दामिनी मॅडमनी कोंडवाड्यात कागद वाचून दाखवला तेव्हा श्रीमंत लिंबाच्या झाडाला टेकून उभा राहिला.

“मॅडम, मग इतकी वर्षं मी लोकांना सांगून राहिलो ते काय?”

“ते खोटं नव्हतं मामा. गल्ल्यांमध्ये अजूनही तेच आहे. फक्त या जागा वगळल्या.”

“अन् माझा शब्द?”

मॅडमनी कागदाची घडी घातली. त्यांनी एवढंच सांगितलं की बाहेरची टीम येते आहे, मामांनी स्टँडवर यायची गरज नाही. त्याच्या निवृत्तीला सहाच महिने राहिले होते. गुरुजींनी शाळेत नाव घालताना मांडलेली जन्मतारीख एक जून, त्यामुळं मेअखेरीला सुटका. कुणीही म्हणालं असतं, राहू दे, जाऊ दे दुसऱ्यांना. श्रीमंत म्हणाला, “माझ्या हातची हायत. मीच आणतो.”

सकाळी अकराच्या सुमाराला तो आला. टेम्पो लांब उभा केला, जाळं आतच ठेवलं. मी दुकानात होतो, मला सगळं दिसत होतं. तो गंगम्माच्या गाडीशी जाऊन खाली बसला. चिन्नी आता म्हातारी झाली होती, तोंड पांढरं पडलं होतं. तिनं त्याचा आवाज ऐकला, उठली, आणि शेपूट हलवत त्याच्याकडे आली.

श्रीमंतनं मान फिरवली.

“अव्वा, ही माझ्या मागं येईल,” तो म्हणाला. “जाळं लागायचं न्हाई. म्हणून म्हणतो, तुम्हीच टेम्पोत चढवा.”

गंगम्मानं कुठूनतरी आदेशाचं ऐकलं होतं. ती शेंगा निवडत राहिली. “मारणार?”

“न्हाई.”

“परत आणणार?”

“न्हाई. तिकडंच राहील. कोंडवाड्यात.”

“मग तुझं काम तू कर,” ती म्हणाली. “माझ्या हातानं होणार न्हाई.”

श्रीमंतनं चिन्नीला दोन्ही हातांवर उचललं. लहान लेकराला उचलावं तसं तिचं तोंड त्याच्या खांद्यावर होतं. त्या दिवशी अकरा कुत्री गेली. संध्याकाळपर्यंत स्टँड रिकामा झाला आणि प्रवासी बाकांवर पाय पसरून बसायला लागले. काही जणांनी माझ्याजवळ समाधान बोलून दाखवलं. मी हो म्हणालो. खोटं बोललो असंही नाही.

कोंडवाडा पाच दिवसांच्या पाहुण्यांसाठी होता, तिथं आता कायमचे रहिवासी आले. सगळी सैरभैर. आपापसांत भांडायची, फाटकाशी जाऊन रस्त्याकडे बघत बसायची. चिन्नीनं चार दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. सलाईन लावून झालं. पाचव्या दिवशी श्रीमंत स्टँडवर आला. गंगम्मानं त्याच्याकडं पाठ केली.

“शब्द मोडलास तू.”

“मोडलो.”

“मग कामून आलास?”

“ती जेवत न्हाई.”

गंगम्मानं हातातल्या शेंगा पोत्यात टाकल्या. मग उठली, जेवणाचं फडकं गाडीखालून काढलं आणि रस्त्यापलीकडे माझ्याकडे बघून म्हणाली, “उमाशंकर, गाडीकडं ध्यान दे रे.” आणि रिक्षात जाऊन बसली.

कोंडवाड्यात काय झालं ते मला दामिनी मॅडमनी सांगितलं. गंगम्मानं भाकरी कुस्करून दुधात भिजवली आणि चिन्नीसमोर धरली. चिन्नीनं आधी तिचा हात चाटला, मग खाल्लं. रडणं-बिडणं काही झालं नाही. चिन्नी खात असताना गंगम्मा मान वर करून सगळीकडं बघत होती आणि खाऊन संपल्यावर तिनं बोलायला सुरुवात केली. या काळ्याला पांढऱ्या शेजारी कुणी ठेवलं, त्या दोघांचं पहिल्यापासून पटत नाही. ती लंगडी एकटी जेवते, चौघांत ताट ठेवलं तर उपाशी राहील. पाणी उन्हात ठेवू नका. हे दोघं सख्खे भाऊ आहेत, त्यांना वेगळं कामून केलात?

मॅडम वही घेऊन बसल्या. श्रीमंत एकेक पिंजरा हलवायला लागला. संध्याकाळपर्यंत भांडणं निम्म्यानं कमी झाली.

“चिन्नीला घरी नेता येईल आजी, दत्तक म्हणून. कागद मी करते,” मॅडम म्हणाल्या. पण गंगम्माचं घर म्हणजे मुलाच्या दोन खोल्या, त्यात सून-नातवंडं, जागा नव्हती. तेव्हा तिनं वेगळंच केलं. रोज दुपारी, बाराच्या गाड्या गेल्या की शेंगांची गाडी माझ्या दुकानासमोर लावायची आणि कोंडवाड्यात जायची. दोन तास तिथं. श्रीमंतशी तिनं जवळजवळ महिनाभर सरळ बोलणं केलं नाही. काम सांगायची, तेही दुसऱ्याकडं बघून. “त्याला सांगा, फाटकाजवळचं पाणी बदल म्हणावं.” तो दोन हातांवरून ऐकायचा आणि मुकाट्यानं बदलायचा. महिन्याभरानं एके दिवशी तिनं त्याच्यासमोर शेंगांचा पुडा ठेवला आणि म्हणाली, “सोल. मला दात न्हाईत.” दोघं लिंबाखाली बसून शेंगा सोलत होते, असं मॅडम म्हणाल्या.

चिन्नी मार्चमध्ये गेली. म्हातारपणानं, झोपेत. श्रीमंतनं तिला कोंडवाड्याच्या मागच्या भिंतीशी पुरलं. त्याला वाटलं होतं की आता गंगम्मा येणार नाही. दुसऱ्या दिवशी ती आली, थोडी उशिरा आली. लंगडीला वेगळं वाढलं का, म्हणून विचारलं.

आता शाळा-दवाखान्यांतली धरून कोंडवाड्यात चाळीसेक कुत्री आहेत. जागा पुरत नाही, म्हणून श्रीमंतनं नवीनच उद्योग काढला आहे. आसपासच्या गावांत रानडुकरांनी आणि वानरांनी शेतकरी बेजार आहेत. शेतात राखणीला कुत्रं पाहिजे असतं. तो सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवर जातो, लोकांशी बोलतो, आणि जमेल त्याला कुत्रं देतो. आतापर्यंत नऊ गेली. मॅडम कागद करतात, पण आधी माणसाची परीक्षा श्रीमंत घेतो.

मागच्या आठवड्यात मी वह्यांची जुनी रद्दी कुत्र्यांच्या अंथरुणाला द्यायला गेलो होतो, तेव्हा अहमदपूरकडचा एक तरुण शेतकरी आला होता. दयानंद नाव. त्याला ते दोघे भाऊ पाहिजे होते. श्रीमंत स्टुलावर बसला होता, दयानंद समोर उभा.

“बांधून ठेवणार का मोकळं?”

“रात्री मोकळं, दिवसा बांधतो.”

“रात्रीचं ठीक हाय. दिवसा बी पुरतं बांधायचं न्हाई. सावली हाय का?”

“आंब्याचं झाड हाय.”

“पाणी कोण ठेवणार?”

“आई ठेवते की.”

“आईचा फोन नंबर दे.”

दयानंदला हसू आलं. “मामा, पोरगी बघायला आलोय का मी?”

श्रीमंत हसला नाही. “दर साली लस. विसरलास तर मी येतो. त्या दिवशी घरी कुणी नसलं तरी चालेल, मी टोचून जातो.” मग म्हणाला, “अन् न्हाई जमलं तर फेकून द्यायचं न्हाई. इथं परत आणायचं. कितीबी वाजता आण.”

पलीकडे गंगम्मा ताटं धूत होती. तिथूनच म्हणाली, “दोघांना एकत्रच ने म्हणावं. एकच नेणार असेल तर देऊ नका.”

“दोन्ही न्यायलाच आलोय आजी,” दयानंद म्हणाला.

श्रीमंत उठला, पिंजऱ्याची कडी काढली आणि आत गेला.